दांडीच्या वाळूतला अडुळसा

दांडी म्हटले की मनात प्रथम गुजरातेतील दांडी उभी राहते. महात्मा गांधींनी ६ एप्रिल १९३० रोजी जेथे मूठभर मीठ उचलून कायदा मोडला, ते नवसारी जिल्ह्यातील गाव. मालवणकरांना त्यांच्या गावचा दांडीचा किनारा आठवेल. वाचकहो, मी आज आपल्याला नेणार आहे ती दांडी याहून निराळी, पालघर तालुक्यातली. तिच्या नावावर इतिहासाचे पान नाही. पण कुटुंबाच्या आरोग्याविषयी शिकण्यासारखे तेथे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे एका झुडपाभोवती उभे राहून शिकता येते.

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर उतरावे आणि समुद्राची दिशा धरावी. प्रथम लागते ती तारापूरची औद्योगिक वसाहत: रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने, त्यांची धुरांडी, टँकरची रांग आणि घशाला लागणारा तो ओळखीचा उग्र वास. वसाहत मागे पडली की रस्ता अरुंद होतो. ताड, शिंदी, भाताची खाचरे आणि वाडीतली नारळाची झाडे दिसू लागतात. किनाऱ्यावर उत्तरेच्या अंगाला तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आहे. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून वीज देऊ लागल्या. त्याच किनाऱ्यावर उच्छेळी आणि दांडी ही गावे. लोक त्यांची नावे बहुधा एका श्वासातच घेतात. शेजारी खाडी, खाडीत तिवरांची दाटी, पलीकडे नवापूर.

वस्ती प्रामुख्याने मासेमारीवर जगणारी. पावसाळा सरला आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या की बांबूंवर बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. उन्हात ते रुपेरी दिसतात आणि वाऱ्याबरोबर त्यांचा वास अर्धा कोस जातो. खाडीच्या पाण्याविषयी मात्र येथे कोणी आनंदाने बोलत नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याने मासळी घटली, ही या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची जुनी तक्रार. त्यांच्या समाजसंघटनेने ती थेट राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेली. अशा ठिकाणी घराभोवती काय लावावे, कशाचे पान तोंडात घालावे आणि कशाचे घालू नये, हे प्रश्न हौसेपुरते उरत नाहीत.

येथील निसर्गाचे गणित तऱ्हेवाईक आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे २००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने आकाश कोरडे असते. जमीन वाळूची; वरून ओतलेले पाणी क्षणात खाली जाते. विहिरीला उन्हाळ्यात मचूळ चव येते. पाण्याचा हंडा मोजून वापरणाऱ्या घराला शोभेच्या झाडांचे लाड परवडत नाहीत. म्हणूनच दांडीतील जुन्या घरांच्या परसात जी झुडपे टिकली आहेत, त्यांनी आपले स्थान कमावले आहे असे म्हणावे लागते. समुद्राच्या अंगाला निरगुडीचे कुंपण, कुठे पिवळी कोरांटी, आणि घराच्या आडोशाला, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, अडुळसा.

अडुळसा आपण पाहिला असेलच. पुरुषभर किंवा थोडे कमी उंचीचे झुडूप, समोरासमोर येणारी लांबट, टोकदार पाने आणि हिवाळ्यात फांद्यांच्या टोकांवर येणारे पांढऱ्या फुलांचे तुरे. फूल जवळून पाहावे. त्याला दोन ओठ असतात आणि खालच्या ओठावर जांभळट रेषा उमटलेल्या असतात. या उघड्या जबड्यासारख्या आकारावरून संस्कृतात त्याला सिंहास्य असे भारदस्त नाव मिळाले; वासा आणि वासक ही त्याची दुसरी नावे. फुलाच्या तळाशी मधाचा थेंब असतो. तो मिळवायला काळे भुंगे येतात, शिंजीर येतात, आणि मुले येतात ती फूल खुडून चोखायला.

शास्त्रीय नाव जस्टिसिया अधाटोडा. कोरांटी आणि अबोली ही त्याची कुळबंधू. भारतीय उपखंड हेच त्याचे माहेर. कोठून बाहेरून आणलेले हे झाड नव्हे. ‘अधाटोडा’ हा शब्द तमिळ नावावरून आला आणि त्याचा अर्थ सांगतात तो असा, की बकरी ज्याला तोंड लावत नाही ते. बकरी जे काही सोडते ते कडू तरी असते किंवा विषारी तरी, एवढे शहाणपण आपल्या गावांना पूर्वीपासून होते. अडुळसा कडू आहे, आणि त्या कडवटपणातच त्याचे औषध आहे. पानांत व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्याच रचनेवरून पुढे ब्रोमहेक्झिन हे औषध प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९६० च्या दशकात वापरात आले. ब्रोमहेक्झिनपासून शरीरात जे द्रव्य बनते ते अँब्रॉक्सॉल. आपल्या घरातील खोकल्याच्या बाटलीवरील बारीक अक्षरे कधी वाचून पाहावीत. या दोन नावांपैकी एक बहुधा तेथे सापडेल. चिकट कफ पातळ करणे आणि तो खोकून बाहेर पडणे सोपे करणे, हे त्यांचे काम. म्हणजे आजीचा काढा आणि आमच्या चिठ्ठीवरचे औषध यांचे गोत्र एकच आहे. एमबीबीएस झालेल्या माझ्यासारख्याने हे मान्य करण्यात कमीपणा मानू नये.

पण गोत्र एक असले तरी काम ओळखून घ्यावे लागते. वैद्यकाच्या जुन्या परंपरेत अडुळशाची थोरवी अशी सांगितली आहे, की वासा जवळ असताना रक्तपित्ताच्या, क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्याने खचून जाण्याचे कारण नाही. ज्या काळी क्षयाला औषधच नव्हते, त्या काळी हे वचन मोठा आधार होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला तो २४ मार्च १८८२ रोजी, आणि त्याला मारणारे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. तोवर जगभरच्या रुग्णांना हवा, विश्रांती, आहार आणि धीर यांखेरीज फारसे काही देता येत नव्हते. आज परिस्थिती उलटली आहे. आज क्षय बरा होतो, आणि त्याच जुन्या वचनाच्या भरवशावर काढा पीत बसलेला मनुष्य आपले आणि घरच्यांचे नुकसान करून घेतो.

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध बाईंना पाहण्यासाठी मी दांडीतील एका घरी गेलो होतो. आजींचा ताप साधा निघाला. पण तपासत असताना मागच्या पडवीतून खोकल्याचा आवाज सारखा येत होता. खोकणारा त्यांचा नातू होता, होडीवर खलाशी म्हणून जाणारा, तिशीच्या आतला. किती दिवस झाले, असे विचारले तेव्हा कळले की महिना होत आला. संध्याकाळी अंग कोमट लागते, रात्री घामाने उशी भिजते, कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला आहे. औषध काय चालू आहे? आजींनी परसातील झुडपाकडे बोट दाखवले. रोज सकाळ-संध्याकाळ अडुळसा. आणि खरे सांगायचे तर त्याने थोडे बरेही वाटत होते, कारण कफ सुटत होता. तेवढ्या बरे वाटण्यावर महिना निघून गेला होता.

त्याला थुंकीच्या तपासणीसाठी सरकारी आरोग्य केंद्रात पाठवले. क्षयच निघाला. औषधे सहा महिने चालली. ती मोफत मिळाली आणि त्याने ती एकही दिवस न चुकवता घेतली. घरातील सर्वांची तपासणी झाली, लहान मुलांची तर आवर्जून. तपासणीचा निकाल कळला त्या दिवशी आजी चिंतातूर होऊन म्हणाल्या, “डॉक्टर, मग आता हे झाड उपटून टाकू का?”

मी म्हटले, “नको हो आजी. झाडाचा काय दोष? ते कफ सैल करतं, जंतू मारत नाही. त्याच्याकडून त्याचंच काम करून घ्यायचं.”

वाचकहो, या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. बरोबर संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजनातील घट किंवा थुंकीत रक्त असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये. ही तपासणी आणि क्षयाचे उपचार राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात विनामूल्य आहेत. क्षय झाला हे लपवण्यात लाज नाही तर धोका आहे, कारण उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या खोकल्यातून तो त्याच घरातील लेकरांपर्यंत पोहोचतो.

आणि प्रत्येक दीर्घ खोकला क्षयाचाच असतो असेही नाही. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईची श्वासनलिका अरुंद झालेली असते. तिने बिडीला कधी हातही लावलेला नसतो, तरी तिचा दम बिडी ओढणाऱ्यासारखा लागतो. कारखान्यात धूळ वा वाफा सहन करणाऱ्या कामगाराला दमा जडू शकतो. सुट्टीत गावी गेल्यावर त्याचा खोकला कमी होतो, हा त्यातील खुणेचा दगड. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होणाऱ्याला आम्लपित्ताने खोकला येतो. रक्तदाबासाठी एनॅलाप्रिल किंवा रामिप्रिल घेणाऱ्यांपैकी काहींना कोरडी ढास लागते. त्यांनी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ती बदलून मिळते. यांपैकी एकाही खोकल्याचे मूळ अडुळशाने जात नाही.

मग अडुळसा कोणासाठी? साधे पडसे झाले आहे, घसा भरला आहे, छातीत कफ घट्ट बसला आहे, पण ताप फारसा नाही, धाप नाही, आणि दुखणे चार-पाच दिवसांचेच आहे, अशा प्रौढ माणसासाठी. पाने स्वच्छ धुऊन, वाफवून त्यांचा रस काढण्याची किंवा काढा करण्याची रीत घराघरांत आहे. मात्रा वैद्यांना विचारूनच ठरवावी. अधिक पान म्हणजे अधिक गुण, हा समज चुकीचा. जास्त घेतल्यास मळमळ, उलटी आणि जुलाब होतात.

काही जणांनी मात्र त्याला हात लावू नये. गरोदर स्त्रीने तर मुळीच नाही. व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास या गुणाचा सविस्तर अभ्यास केला होता. सुनेला दिवस गेले आहेत आणि ती खोकते आहे म्हणून मायेने काढा करून देणाऱ्या सासूबाईंनी हे ध्यानात ठेवावे. ती माया सुनेला महागात पडू शकते. तान्ह्या बाळांना आणि लहान मुलांना तो आपल्या मनाने देऊ नये. काढ्यात मध घालण्याची चाल आहे, पण एक वर्षाखालील बाळाला मध चाटवणेही धोक्याचे असते, कारण मधातील काही जंतूंच्या बीजाणूंपासून त्याला गंभीर विषबाधा होऊ शकते. मधुमेह्यांनी मध-गुळाचा हिशेब ठेवावा.

आता लागवडीकडे वळू. अडुळसा लावणे इतके सोपे आहे की ज्यांच्या हाताला झाड लागत नाही असे म्हणतात, त्यांनीही धीर करावा. रोपवाटिकेतून आणत असाल तर नाव विचारून घ्यावे, कारण ‘काळा अडुळसा’ या नावाने दुसरेच झुडूप मिळते. त्याची पाने अरुंद आणि खोड काळपट असते. त्यापेक्षा शेजाऱ्याकडून फांदी मागणे उत्तम. जूनचा पहिला पाऊस पडला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार पेरांची फांदी घ्यावी. खालची पाने काढून दोन पेरे जमिनीत जातील अशी ती तिरकी खोचावी. शेंड्याकडची आणि बुंध्याकडची बाजू उलटसुलट होऊ देऊ नये. महिन्या-दीड महिन्यात ती मूळ धरते.

जागा निवडताना दांडीकरांचे अनुकरण करावे. समुद्राचा खारा वारा थेट अंगावर आला की पानांच्या कडा करपतात. म्हणून अडुळसा घराच्या आड किंवा निरगुडीच्या मागे असावा. अर्धी सावली त्याला चालते. वाळूत शेणखत आणि पालापाचोळा मिसळावा. पावसाळ्यात पाणी साचते अशा खळग्यात मात्र तो लावू नये. थोड्या उंचवट्यावर लावावा, कारण दुष्काळ सोसणारी मुळे तुंबलेल्या पाण्यात कुजतात. दोन झुडपांत अडीच-तीन फूट अंतर ठेवले की दोन वर्षांत कुंपण मिटते आणि बकऱ्यांपासून राखण करावी लागत नाही.

पहिला उन्हाळा जपावा लागतो. आठवड्यातून एकदा तांब्या-दोन तांबे पाणी आणि बुंध्याशी पाचोळ्याचे पांघरूण पुरते. मुळे खोल गेली की पुढच्या वर्षापासून पंधरवड्याने पाणी दिले तरी चालते. वैशाखात तो खालची पाने टाकतो आणि मरगळल्यासारखा दिसतो. घाबरून त्याला पाण्यात बुडवू नये. पहिल्या सरीबरोबर प्रत्येक पेराला पालवी फुटते. फुलांचा हंगाम सरला की गुडघ्याच्या वर छाटणी करावी म्हणजे झुडूप भरदार राहते. छाटलेला पाला फेकू नये. भाताच्या खाचरात हिरवळीचे खत म्हणून तो गाडण्याची पद्धत जुनी आहे. साठवणीतील फळांभोवती किडे येऊ नयेत म्हणूनही ही पाने वापरतात.

बोईसरच्या इमारतीत राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. तळाला भोक असलेली बारा-चौदा इंची कुंडी, निम्मी माती, थोडी वाळू, थोडे शेणखत आणि सकाळचे ऊन येणारा सज्जा एवढ्यावर अडुळसा सुखाने राहतो. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी त्याला पुरते. साबणाचे घालू नये. सुट्टीत आठ-दहा दिवस गावी गेलात तरी तो रागावत नाही.

पाने खुडताना एक पथ्य. कारखान्यांच्या रस्त्यालगतच्या, सांडपाण्याच्या नाल्याकाठच्या किंवा कचऱ्याशेजारच्या झुडपाची पाने औषधासाठी घेऊ नयेत. पान धुतल्याने वरची धूळ जाते. मुळांनी जे शोषले ते जात नाही. या पट्ट्यात ही काळजी अधिकच घ्यावी. औषधाचे झाड आपल्या नजरेखालचे असावे, त्याला कोणते पाणी मिळते हे आपल्याला ठाऊक असावे, हेच घरी अडुळसा लावण्याचे पहिले कारण.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. परसात अडुळसा असला की कोण पाने खुडते आहे हे घरातील जाणत्या माणसाला दिसते. एखाद्याने आठवडाभर पाने खुडली तर समजावे की सर्दी अजून हटलेली नाही. दुसरा आठवडाही त्यातच गेला तर काढ्याचे भांडे खाली ठेवावे आणि त्या माणसाला हाताशी धरून तपासणीला न्यावे. झुडपाच्या फांद्या कोणासाठी बोडक्या होत आहेत, एवढे लक्ष ठेवायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

येत्या मृगात एक फांदी जरूर लावावी. शेजारी मागायला आला तर त्यालाही द्यावी, आणि देताना दोन आठवड्यांचा नियम न विसरता सांगावा.